पाठीमागचं पाणी
फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढताना ओल्या फडक्याचा कुबट वास आला, की मला खंभातच्या आखाताचा तो चिखल आठवतो. बाबा कोयलीच्या रिफायनरीत पाळीवर जात. त्यांनी रविवारची भरतीची वेळ विचारून ठेवली होती, पण पाळी बदलली म्हणून आम्ही शुक्रवारीच गेलो. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, म्हणजे शुक्रवारी ती दीड तास आधीच येणार, हे घड्याळावर जगणाऱ्या त्या माणसाच्या गावीही नव्हतं. भर दुपारी आम्ही दोघं चिखलातून आत आत चालत गेलो. समुद्र म्हणजे समोर लांबवर एक राखाडी रेघ. एकाएकी सगळे खेकडे बिळांत शिरले आणि माझ्या पावलांचे ठसे खालून भरू लागले. “बाबा, पाणी!” “अगं, ते बघ किती लांब आहे.” तेवढ्यात काठावरून एक म्हातारी ओरडली, “पाछळ जुओ, पाछळ!” आम्ही मागे वळलो. येताना ओलांडलेला कोरडा ओहळ काठोकाठ भरला होता, जराही आवाज न करता. बाबांनी मला खांद्यावर घेतलं. ओहळ ओलांडताना पाणी त्यांच्या छातीला लागलं, पण आम्ही काठावर पोचलो. आता कारेलीबागेतल्या माझ्या शिकवणीत फळा मी मुद्दाम दाराला लागून लावलाय, लिहिताना दार नजरेसमोर राहील असा. मुलं कारण विचारतात, मी सांगत नाही. दार पाठीमागे असलं आणि तिकडून काहीच आवाज येत नसला, की माझे तळपाय ओले होतात.