तेल लावून केलेला उपास

माझी सहा महिन्यांची मार्था चोखत होती आणि दूध येत नव्हतं. रडायचंही थांबली होती, मान टाकून मांडीवर पडली होती.

सासूने माझ्याकडे नीट बघितलं. "काय खाल्लंयस गं तू?"

"न्हाय खाल्लं, आत्याबाई. चार दिस झालं. उपास हाय."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगायचा नसतोय."

ईस्टरआधीचे लेंटचे, उपास-प्रार्थनेचे दिवस होते. चर्चच्या पाळकांनी शिकवलं होतं की उपास माणसांना दिसू नये. तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं. मी रोज तेल चोपडायची आणि माझी भाकरी गुपचूप म्हशीला घालायची. कशासाठी, तर पोरीचा खोकला जावा म्हणून. मन खरं होतं, अक्कल नव्हती.

"देवानं पोर दिली ती उपाशी मारायला व्हय?" म्हणत सासूने दुधात भाकरी कुस्करून माझ्या तोंडात कोंबली. पोरीला चमच्याने म्हशीचं दूध पाजलं. हळूहळू तिने डोळे उघडले.

परवा, इतक्या वर्षांनी, पुन्हा लेंटमध्येच, लेक दुपारी घरी आली. तिला साखरेचा आजार, वेळेवर खायला लागतं. "जेवून आलोय, आई," म्हणाली. एरवी डोक्याला तेलाचं बोट न लावणारी, आणि खोबरेलाचा वास दारापासून येत होता. साठ वर्षांत या घरात कुणाला अक्कल आली नाही.

"बस ताटावर," म्हणाले, "मला नको शिकवू." आणि दुधात भाकरी कुस्करायला घेतली.

त्या दिवशी वाचली ती हीच मार्था.