कपाळावरची आठी

चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीवर अचानक बाबलकाका दिसले आणि माझा कप ओठांपाशीच थांबला. आमचे हे शेजारी तेव्हा माझ्याच बाकावर चहा पीत होते. पडद्यावर मात्र त्यांच्या हातात बंदूक, कपाळाला घट्ट आठी, आणि खाली लाल पट्टी: 'गावोगावी बंदुकांची दहशत'.

ती आठी पडली तेव्हा मी तिथेच होतो. निवडणूक आली की परवानावाले आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. काकाही सकाळी रांगेत उभे होते, रानडुकरांपासून भात राखायची आपली जुनी बंदूक घेऊन. तिथे आलेला वार्ताहर गोड आवाजात म्हणाला, "काका, जरा कॅमेऱ्यावर नेम धरा ना." काकांनी उलट नळी आभाळाकडे केली. "रिकामी असली तरी माणसावर धरूची नसता," ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

टीव्हीवर आठी तेवढी आली. वाक्य आलंच नाही. असे आवाज काढून घेतलेले किती चेहरे आपण रोज बघतो, आणि त्यांना खुशाल घाबरतो!

हॉटेलात समोरच्या बाकावरच्या बाईंनी आपल्या लेकीला हळूच जवळ ओढून घेतलं. काकांनी ते पाहिलं. कप खाली ठेवून ते बोटांनी कपाळ चोळू लागले, आठी पुसली जाईपर्यंत.