उस्तादांचे कोरे लायसन

आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतले टॅक्सीवाले उस्ताद इतकी सावकाश मोटर हाकत, की एखादा सायकलवाला पुढे निघून गेला तरी त्याला हात करत. सवारीने घड्याळ पाहिले की आरशातूनच म्हणत, "घाई असन तं काल निघाले पायजे होतं." घड्याळवाला बाहेरची कपाशीची पऱ्हाटी बघू लागे.

या सावकाशीला कारण होते. त्या काळी लायसन म्हणजे एक लहानसे पुस्तक असे आणि ड्रायव्हरने गुन्हा केला की त्याच्या मागच्या पानांवर कोर्टाचा शेरा बसे. उस्तादांची ती पाने कोरी होती. ते पुस्तक ते मेणकापडात गुंडाळून खिशात ठेवत आणि नव्या सवारीला न मागता दाखवत. "पाहा, शाईचा ठिपका नाई." मी शाळामास्तर. कोऱ्या पानांचा एवढा अभिमान बाळगणारा हा एकच माणूस मला भेटला.

माझी बायको पहिल्या बाळंतपणात अडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता अमरावतीला न्या. भर दुपारी मी धावत उस्तादांकडे गेलो. त्यांनी जेवणाचे ताट तसेच सोडले. मागे बायको आणि सासूबाई, पुढे मी. मूर्तिजापूर कधी आले आणि कधी गेले ते कळलेच नाही. बडनेऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला एक हवालदार उभा होता. त्याने आम्हाला थांबवले नाही, हटकले नाही, पण तो डायरी काढून गाडीचा नंबर लिहीत असताना उस्तादांनी त्याला आरशात पाहिले. "लिवला," एवढेच ते म्हणाले. गाडी मात्र हळू केली नाही.

मुलगी झाली. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. ते ऐकून उस्ताद दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि रडले. मीही रडलो.

अकोल्याला परतल्यावर मी त्यांना आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांकडे घेऊन गेलो. वकीलसाहेब खूश झाले. "पोलिसानं जागेवर काही सांगितलं नाही ना? मग चौदा दिवसांच्या आत नोटीस हातात देली पायजे, नाई तं रजिस्टर पोस्टानं धाडली पायजे. दोन्ही नाई केलं, तं शिक्षा होत नाई. तू फक्त गप बस."

गप बसणे हेच उस्तादांना जमेना. सगळी गल्ली पोस्टमनची वाट बघू लागली. तो दिसला की पानवाल्यापासून भाजीवालीपर्यंत जो तो विचारी, "आलं का उस्तादचं?" तो मान हलवी आणि लोक आनंदाने आपापल्या कामाला लागत. उस्ताद मात्र दिवसेंदिवस उतरत गेले.

मुदत संपायला दोनच दिवस राहिले होते. उस्ताद अमरावतीच्या राजापेठेची सवारी घेऊन गेले. सवारी उतरवली आणि सरळ त्या हवालदाराचे ठाणे गाठून त्याला विचारले, "माही नोटीस काहून नाई आली?"

हवालदार विसरूनच गेला होता. त्याने डायरी चाळली, कपाळाला हात लावला आणि साहेबांची सही घेऊन नोटीस तिथेच त्यांच्या हातात ठेवली.

वकीलसाहेब कडाडले. "अबे, दोन दिवस घरात बसता येत नव्हतं तुले?"

"बसलो असतो साहेब. पण आरशात पाह्यलं का मले थो हवालदारच दिसे. मांगची गाडी दिसेच ना. असं कसं हाकाव?"

कोर्टात त्यांनी "हो साहेब, जोरात हाकली" म्हणून सांगून टाकले. बाळंतपणाचे वकीलसाहेबांनी सांगितले, म्हणून किरकोळ दंडावर भागले. पण शेरा बसायचा तो बसलाच. त्या दिवसापासून उस्तादांनी ते पुस्तक दाखवणे सोडून दिले. या माणसाने आयुष्यभर जपलेली एकच गोष्ट माझ्यासाठी गेली, याचे मला फार वाईट वाटे.

आमची मुलगी शालू रांगायला लागली तेव्हा आम्ही तिला घेऊन बार्शीटाकळीला माझ्या सासुरवाडीला निघालो. टॅक्सी उस्तादांचीच. पुढे एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "जरा जोरात घ्या ना."

उस्तादांनी गाडी कडेला घेतली. मेणकापड सोडून पुस्तक काढले आणि कोरी पाने सोडून शेऱ्याचे पान त्यांच्यापुढे धरले. "एकदा घेतली होती जोरात."

"कायचा शेरा आहे हा?" गृहस्थांनी विचारले.

"थो काय, मांगं बसला हाय. अंगठा चोखून राहिला."

पुढे उस्ताद सगळ्या सवाऱ्यांना तेच पान दाखवत.

ते गेले तेव्हा शालूचे लग्न होऊन ती अमरावतीला राहत होती. तेराव्याला ती आली. उस्तादांच्या मुलाने ते मेणकापड तिच्या हातात दिले. "बा म्हने, हे शालूचं हाय."

तिने पाने उलटून पाहिली. तिच्या पानानंतरची सगळी पाने कोरी होती.