बोलतोय का?

आमच्या गल्लीत किस्से नाल्यातल्या गाळासारखे साचतात. उन्हाळ्यात उपसून टाकावेत, तर पावसात पुन्हा तेवढेच!

माझं किराणा दुकान कर्जतच्या बाजारात. गल्लीच्या मधोमध पूर्वी उघडा नाला होता. त्यावर स्लॅब पडला तेव्हा आम्ही व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. वास गेला, पार्किंग झालं! पण आत कचरा अडकला तर आता दिसत नाही, पाणी थेट दुकानात शिरतं. एकच झाकण उरलंय, गायकवाडच्या सायकल दुकानासमोर. तिथून खळखळ ऐकू आली की नाला वाहतोय. गप्प झाला की तुंबला. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे कुणी ‘कसं काय’ विचारत नाही. विचारतात, ‘बोलतोय का?’

*

एकदा ठाण्याचे जावई आले होते. बाहेर धो धो पाऊस. मी आत जेवत होतो, फोन त्यांनी उचलला. पलीकडे गल्लीतले मिठाईवाले भाऊ, कोंडाणे गावी बारशाला गेलेले. “बोलतोय का?”

जावई अदबीनं म्हणाले, “हो, बोलतोय.”

भाऊ निश्चिंत मनानं पंगतीला बसले. परत येईपर्यंत त्यांच्या दुकानातल्या साखरेच्या गोण्यांचं सरबत झालं होतं!

*

मग ओटे वाढू लागले. सलूनवाल्याने एक पायरी चढवली, म्हणून मी दोन चढवल्या. एक गिऱ्हाईक धापा टाकत वर आलं नि म्हणालं, “शेठ, सामान द्या, नायतर अंगारा तरी द्या.”

सगळ्यांनी ढकललेलं पाणी गायकवाडकडे जातं. त्याचा ओटा रस्त्याला टेकलेलाच. त्याची आई चाकाच्या खुर्चीत असते, मोतीबिंदूनं दिसतंही धूसर. “पायरी केली तर आये बाहेर कशी पडंल?” एवढंच तो म्हणतो.

*

नगरपरिषदेचे एक साहेब नकाशा घेऊन आले. दहिवलीकडची भाताची खाचरं भरून प्लॉट पडले, तिथलं पाणीही इकडेच येतं, हे आम्ही सांगितलं. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. इथे नाला नाहीच, रस्ता आहे म्हणाले.

गायकवाड म्हणाला, “ते पाण्याला दाखवा, साहेब.”

साहेब हसले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

*

गेल्या श्रावणात बाजार बंदचा दिवस होता. गल्लीतली सगळी शटर्स खाली. मी खोपोलीला माल भरायला गेलो होतो, तर घाटावर आभाळ काळं झालं आणि कोसळलं. गायकवाडला फोन लावला. उचलला त्याच्या आईनं. तो नेरळला सामान आणायला गेलेला, फोन दुकानातच विसरून.

“आये, बोलतोय का?”

“नाय रं. मगाधरनं गप हाय.”

दार उघडं आहे का, जवळ कुणी आहे का, मी विचारतच सुटलो.

“कुनी नाय. तू कशाला घाबरतूस?” आये म्हणाली. “पन दुकानात ह्यानं गार काय आनून ठेवलंय रं? पायाला लागतंय.”