जुन्या इंजिनाची खांदमळणी

बी.ए. होऊन मी नंदुरबारच्या हायस्कुलात शिकवायला लागलो, तेव्हा गावात आगगाडीच्या वेड्यांची आमची एक मंडळी जमली होती. दवाखान्यातला कंपाउंडर, जिनिंगमधले काही कारकून, मी आणि असेच आणखी. संध्याकाळी स्टेशनावर जायचे, इंजिने बघायची आणि नुसत्या शिट्टीवरून कोणते इंजिन आले यावर भांडायचे. एका हिवाळ्यात कळले, की शेडमधले सगळ्यात जुने इंजिन आता मोडीत निघणार. ही लाइन टाकताना खडीचे डबे त्यानेच ओढले होते. आम्ही ठरवले, मोडण्याआधी त्याला जोडून एक दिवसाची खास गाडी काढायची. सकाळी नवापूरला जायचे, संध्याकाळी परत.

रेल्वेच्या साहेबाने हो म्हटले, पण अट घातली. संध्याकाळच्या मेलच्या आधी गाडी स्वतःच्या बळावर परत आली, तर इंजिन राखून ठेवू आणि दरवर्षी अशी गाडी देऊ. वाटेत अडकली आणि ओढून आणायला दुसरे इंजिन पाठवावे लागले, तर ते मोडीत. सगळ्यांच्या वतीने मी शब्द दिला.

तो शब्द मी आबांसाठी दिला होता. माझ्या वडिलांनी लग्नाआधी याच लाइनीवर मातीकाम केले होते. पुढे मला कॉलेजला पोहोचवायला ते दर सुट्टीनंतर भाकरीचे गाठोडे घेऊन स्टेशनापर्यंत चालत येत, पण स्वतः गाडीत कधी बसले नव्हते. आमच्या घरात पहिल्यांदा पुस्तक आले ते त्यांच्यामुळे. त्यांना त्यांच्या इंजिनामागे बसवायचे, एवढेच माझ्या मनात होते.

आबांबरोबर माय आणि आमच्या खेड्यातले शेतकरी बायकांसह गाडीत आले होते. जाताना सगळे सुरेख झाले. आबा खिडकीशी बसून प्रत्येक भराव ओळखत होते. माय त्यांना म्हणाली, "आख्खी लाइन तुमनीच बांधी का हो? बाकीना काय देखी ऱ्हायंतात?" डबाभर हशा पिकला. नवापूरला नदीकाठी आम्ही भाकरी, ठेचा आणि कळण्याचे पापड खाल्ले आणि उन्हे कलायच्या आत परत निघालो.

परतीच्या वाटेवर एका लहान स्टेशनात इंजिनाने पाणी घेतले. तिथून पुढे चढ लागतो. मी पाय मोकळे करून आलो, तर इंजिनापाशी आमच्या गावचे शेतकरी जमलेले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तेल-हळद चोळतात, त्याला खांदमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटतो, म्हणून. आबा आणि त्यांचे सोबती तीच खांदमळणी इंजिनाच्या चाकांना करत होते. बैलाला खांदा, तसे इंजिनाला चाक. घरून आणलेली तिळाच्या तेलाची बरणी जवळजवळ रिकामी झाली होती.

"म्हतारा बैल शे," आबा मला म्हणाले, "आते चढ लागी त्याले."

मला भरून आले. मी पदवीधर माणूस, पण त्या तेलाचे पुढे काय होणार हे माझ्याही डोक्यात आले नाही. ड्रायव्हर पाण्याच्या नळाशी होता, त्याने पाहिलेच नाही.

चढ अर्धा झाला आणि चाके जागच्या जागी गरगरू लागली. धुराचे लोट निघाले, गाडी मात्र हलेना. सुरतेकडचा ड्रायव्हर खाली उतरला, चाकावरून बोट फिरवले आणि पिवळे बोट आमच्यापुढे धरले. "आ शुं कर्युं, काका? आ गाडी छे के नवरी?"

चाके घसरली तर रुळांवर वाळू सोडायची नळी इंजिनाला होती, पण शेडमध्ये उभ्या उभ्या आतल्या वाळूचा दगड झाला होता. कंपाउंडर माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, पोळा झाला. आता तुमच्या शब्दाचेही विसर्जन करा."

आबा हाताची हळद धोतराला पुसत चाकाकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात माय डब्यातून खाली उतरली. "तेलना भांडाले काय लावतस? राखच ना? मंग उभा काय ऱ्हायनात? घासा!"

ड्रायव्हर हसला आणि त्याने इंजिनाखालची राख ओढून दिली. भाकरीच्या टोपल्या रिकाम्या होत्याच. बायकांनी लुगडी खोचली, रूळ आणि चाके भांड्यांसारखी घासायला घेतली. पुरुषांनी बाजूच्या खोदाईतली कोरडी माती आणून रुळांवर पसरली. भरली बैलगाडी चढावर आली की गाडीवान सोडून सगळे उतरतात, तसे आम्हीही आपोआप उतरलेलो होतो. आबांनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि तरुणपणी ज्या खोदाईतून माती वाहिली होती, तिथूनच पुन्हा टोपली भरली.

"चाल मन्हा राजा!" ते ओरडले.

ड्रायव्हरने वाफ दिली. चाक एकदा सरकले, दुसऱ्यांदा पकडले आणि रिकामी गाडी हळूहळू वर निघाली. आम्ही दोन्ही बाजूंनी चालत होतो, पुढे माती टाकत होतो, आणि प्रत्येक जण आपापल्या बैलाला हाकतो तशी इंजिनाला हाक देत होता. माथ्यावर ते थांबले, तेव्हा अशी काही शिट्टी झाली, की टेकडीवरची गुरे बुजली. सगळे राखेने माखलेले. कंपाउंडरने तर आबांचे पायच धरले.

नंदुरबारला शिरलो, तेव्हा मेलचा सिग्नल अजून पडलेला नव्हता. साहेब फलाटावर उभा होता. एकाच इंजिनाची गाडी त्याने पाहिली, मग आम्हा राखेतल्या माणसांकडे पाहिले आणि शेवटी चाकाच्या आऱ्यांत उरलेला पिवळा रंग पाहिला.

"हे काय आहे?"

"हळद, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "पचावी लीधी एणे."

साहेबाने माझा हात हातात घेतला. "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा, मास्तर. इंजिन राहील."

मी आबांना ते सांगितले. ते इंजिनापाशी गेले, त्याच्या गरम पोटाजवळ हात नेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग वळून मायला म्हणाले, "पुढला साले नुसता हार. तेल घरच ठेव."

"तेल ठेवसू," माय म्हणाली, "पन राख लीसन येसू."