कातडीखालचा कार्बन

आमच्या कारखान्यात त्याला सगळे ‘ठिणगी’ म्हणत. हातात पिस्तुलासारखं लेझरचं यंत्र असायचं. ते पोलादाला टेकवून घोडा दाबला की बारीक ठिणगी उडायची आणि पडद्यावर कार्बनचा आकडा यायचा. कार्बन कमी असेल तर तुकडा तसाच जोडायचा, जास्त असेल तर आधी तापवायचा. नाहीतर जोडाशेजारी तडा जातो. त्याने हो म्हटल्याशिवाय वेल्डर कामाला हात घालत नसे.

वेल्डर म्हणजे त्याचा सख्खा दादा. तोंडाचा फटकळ, पण जोड असा घालायचा की बघत राहावं.

एक दिवस जुना दांडा आला. त्याला कडी जोडून अवजड चाक उचलायचं होतं. भट्टीत तापलेल्या पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो, म्हणून मोजण्याआधी तो थर घासून काढावा लागतो. ठिणगी घासत होता आणि दादा डोक्यावर उभा.

“अरे, किती घासशील? नवरीचं तोंड आहे का ते?”

आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. ठिणगी ओशाळला आणि त्याने घासणं थांबवलं. आकडा कमी आला.

“जोड, दादा.”

दुसऱ्या दिवशी चाक उचलताना कडी निखळली. दादा खालीच होता.

साहेबांनी उभ्याउभ्या निकाल लावला: जोड कच्चा होता. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे बरं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ठिणगीने तुटलेला दांडा ओढून घेतला, खोलवर घासला आणि यंत्र टेकवलं. आकडा दुपटीच्या वर गेला. जागा बदलून मोजलं, तरी तोच.

“साहेब, जोड शाबूत आहे. तडा शेजारून गेलाय. चूक माझी आहे.”

“गप्प बस. नोकरी जाईल.”

नोकरी गेलीच. संध्याकाळी तो दादाच्या घरी गेला, मी सोबत होतो. वहिनी दादाच्या कामाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने दारातूनच सगळं सांगितलं.

“वहिनी, दादाचा हात चुकला नव्हता.”

“ते मला ठाऊक आहे, भाऊजी.” तिने मान वर केली नाही. “ते म्हणायचे, धाकट्याने मोजलं की मी डोळे मिटून जोडतो.”

ठिणगी उंबऱ्यावरच बसला. आत या, असं त्याला कोणी म्हटलं नाही.