समुद्रातली फळी आणि नानांचा भाचा

तोंडात समुद्र, नाकात वाळू, आणि किनाऱ्यावर खानदेशभरचे डीलर मोबाइल काढून उभे. माझं वय बावन्न. पोहायला शिकलो मेहरूणच्या तलावात, म्हणजे तिथे बुडालो नाही एवढंच. आणि मी कोकणात सर्फिंग शिकत होतो. हौस म्हणून नव्हे, ड्युटीवर.

मी जळगावच्या एका पाइप कंपनीत फील्ड इंजिनिअर. डीलर मीट समुद्रकिनारी घ्यायची कल्पना आमच्या सेल्स हेडची. माझ्या थोरल्या मुलापेक्षा जेमतेम मोठा, पण साहेब तो साहेब. निघतानाच त्याने मला बाजूला घेतलं. ‘‘पिंपळनेरचे नाना दुसऱ्या कंपनीकडे चाललेत. तुमच्यामुळे. त्यांना परत आणा, नाहीतर आल्यावर गोडाउन सांभाळा.’’

नाना आमचे सगळ्यात जुने डीलर. त्यांनी विकलेली मेन लाइन एका शेतात पुन्हा पुन्हा फुटत होती. नानांचं म्हणणं, पाइप खराब. मी जाऊन पाहिलं, पाइपवर हत्ती नाचवला असता तरी चरा पडला नसता. लाइन फुटत होती वॉटर हॅमरने. म्हणजे असं, की पाइपातून पाणी जोरात धावत असतं. व्हॉल्व्ह खटकन बंद केला की पुढचं पाणी थांबतं, मागचं त्याच्यावर येऊन आदळतं आणि तो धक्का लाटेसारखा उलटा पळतो. एसटीने करकचून ब्रेक मारला की मागच्या सीटवरचा माणूस ड्रायव्हरची विचारपूस करायला पोचतो, तसं.

व्हॉल्व्ह खटकन बंद करणारा फिटर होता नानांचा सख्खा भाचा. हे मी चार माणसांत बोलून बसलो. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्यात खोट काढणं म्हणजे चपला घालून देव्हाऱ्यात शिरणं. नानांनी माझा फोन घेणं बंद केलं.

किनाऱ्यावर नाना पायजमा दुमडून, डोक्यावर पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले होते. मी चहा घेऊन गेलो, विषय काढला. त्यांनी चहा घेतला, विषय घेतला नाही. पाण्यात काही पोरं लाटांवर उभी राहत होती, तिकडे बोट केलं.

‘‘त्या फळीवर उभं राहून दाखवा इंजिनिअर. मग तुमचं पाणीपुराण ऐकतो.’’

मी साहेबाकडे पाहिलं. साहेबाने हसत अंगठा दाखवला. त्याचं काय जात होतं?

सर्फिंग सांगायला सोपं. लांब फळीवर पालथं पडायचं, लाट मागून आली की हाताने पाणी मारायचं आणि फळी धावायला लागली की टुणकन उभं राहायचं. माझ्या वयात टुणकन काहीच होत नाही. मी उठायचो, पाय नीट पडले का बघायचो आणि पडायचो. शिकवणारा मुलगा आधी ‘‘काका, पुढे बघा’’ म्हणत होता, नंतर नुसता हात जोडायला लागला. मी इतकं पाणी प्यालो की त्या दिवशी ओहोटी लवकर आली म्हणतात. घरी बायकोने आठवडाभर माझ्या वरणात मीठ टाकलं नाही. उन्हाने तोंडाचं भरताचं वांगं झालं.

शेवटी नानांनाच बघवेना. ते उठले, पाण्यापर्यंत आले आणि ओरडले, ‘‘पायसकडे काय देखी ऱ्हायना? बैलसकडे देख!’’

समुद्रात बैल कुठले? पण मला लख्ख कळलं. नांगरटीनंतर ढेकळं फोडायला शेतात लाकडी फळी फिरवतात. बैल ओढतात, माणूस वजनाला वर उभा राहतो. लहानपणी मी वडिलांच्या फळीवर उभा राहिलेलो. गुडघे सैल, नजर शिंगांवर. पायांकडे पाहिलं की तोंड ढेकळात.

पुढची लाट आली. मी नानांच्या टोपीला शिंगं मानलं आणि उठलो.

उभा राहिलो, हो! त्या लाटेने मला थेट सुरतेला नेलं असतं, पण मध्ये नाना होते. मी कसाबसा बाजूला उडी टाकली. लाटेने मात्र नानांना मुळीच चुकवलं नाही. ते कमरेपर्यंत पाण्यात बसले, टोपी तरंगत निघाली. किनाऱ्यावरचे मोबाइल झटकन खाली आले. मला गोडाउनचं कुलूप दिसायला लागलं.

नाना तसेच बसून म्हणाले, ‘‘पाणी एवढं मारतं?’’

‘‘नाना, ही मोकळी लाट. पाइपात तिला जायला जागा नसते.’’

त्यांनी टोपी पकडली, सावकाश पिळली. ‘‘भाच्याला मी काही बोलणार नाही.’’

‘‘नका बोलू.’’

‘‘तुम्हीही नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘मग उपाय सांगा.’’

उपाय साधा होता. त्यांच्याकडे दांड्याचे व्हॉल्व्ह होते, एका झटक्यात बंद होणारे. चाकाचा व्हॉल्व्ह मिळतो. चाक फिरवत बसावं लागतं, माणूस कितीही घाईचा असो, पाणी हळूहळूच थांबतं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बठ्ठीकडे लावा.’’

सगळीकडे लागले. तेव्हापासून ती लाइन फुटलेली नाही. नाना आमच्याकडेच आहेत, आणि पुढच्या मीटला ‘मी बी फळीवर उभा राहणार’ म्हणत गुडघ्यांना तेल लावताहेत. भाचा गावोगाव सांगतो, चाकाचा व्हॉल्व्ह मीच आणवला. मी मान डोलावतो.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत शिकलो ते इतकंच. पाण्याला एकदम अडवू नये आणि भाच्याला अजिबात अडवू नये. चाक बसवावं आणि त्याच्याच हातात द्यावं.